पाच सेलांचं औत

जालना जिल्ह्यातलं खरं बिनवायरीचं हत्यार म्हणजे ड्रिल मशीन नव्हे, चार्जिंगचा पंप. शहरातला सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला कमरेला ड्रिल लटकवून फिरतो हे खरं, पण भोकरदनपासून परतूरपर्यंत कुणाच्याही घरी जा, ओसरीत भिंतीला टेकून तो प्लॅस्टिकचा पंप उभा असतो आणि त्याची वायर कुठल्यातरी सॉकेटात गेलेली असते. कपाशी, सोयाबीन, तूर, मोसंबी; पीक कुठलंही असो, पाठीवर तोच. पूर्वी एका हातानं दांडा हापसायचा आणि दुसऱ्या हातानं फवारायचं. आता खटका दाबला की काम सुरू. दांड्याच्या पंपाला एकच रोग होता, वायसर जाण्याचा. चार्जिंगच्या पंपालाही रोग एकच, पण तो खालच्या डब्यात झाकून ठेवलेला असतो.

बॅटरी बसते उन्हाळ्यात आणि कळतं पावसाळ्यात. हंगाम संपला की पंप धुऊन, पालथा करून कोपऱ्यात ठेवला जातो. बॅटरी मात्र आहे त्या अवस्थेत, म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची शिसं-आम्लाची ही बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो, कडक होतो आणि मग कितीही चार्ज केलं तरी सुटत नाही. मग कपाशीवर तुडतुडे ताजेतवाने होऊन उतरतात, आणि पंप एक टाकी मारून गप्प होतो. घरात त्यावर चर्चा होते. ‘लायटीचा व्होल्टेज कमी असल’ हा पहिला निष्कर्ष, ‘पोरानं चार्जिंगला लावलाच नाही’ हा दुसरा. कोपऱ्यातल्या महिन्यांवर कुणी बोट ठेवत नाही.

ड्रिल मशीनचं दुखणं थोडं वेगळं. तिच्यात शिसं नसतं, लिथियम असतं, आणि लिथियमला रिकामं राहणं अजिबात सोसत नाही. बॅटरीच्या आत एक हिरवी पट्टी असते, दुकानदार तिला बीएमएस म्हणतात. राखण करणं हे तिचं काम. कुठला सेल जास्त भरला, कुठला जास्त रिकामा झाला यावर नजर ठेवायची आणि वेळीच प्रवाह तोडायचा. पण राखणदारालाही पोट असतं. ती पट्टी स्वतःसाठी थोडी थोडी वीज सेलांतूनच खाते. काही नामांकित कंपन्यांच्या जुन्या बॅटऱ्यांत तर ती सगळ्या सेलांतून सारखी न खाता एकाच जोडीतून खायची. अशा पॅकमध्ये दहा सेल असतात, दोन-दोनच्या पाच जोड्यांत. सहा महिने काम मिळालं नाही की चार जोड्या टुणटुणीत आणि एक जोडी अर्धमेली. पॅक मेला असं सगळे म्हणतात. मेलेली असते एक जोडी.

अशी बॅटरी घेऊन मंठ्याचा किंवा जाफराबादचा सुतार आधी शोरूममध्ये जातो. ‘नवीन घ्या’ हे तिथलं उत्तर ठरलेलं. किंमत ऐकल्यावर तो म्हणतो, ‘एवढ्यात तर मशीन आली होती.’ त्याचं म्हणणं खोटं नसतं. या धंद्याची बांधणीच तशी आहे. मशीन स्वस्तात गळ्यात मारायची, आणि बॅटरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीची बसणार नाही अशी खाच करून ठेवायची. एकदा एका रंगाची ड्रिल घेतली की ग्राइंडर त्याच रंगाचा, करवत त्याच रंगाची. सुतार तिथून बाहेर पडतो, बॅटरी पुन्हा रुमालात गुंडाळतो आणि दुसऱ्या दुकानाकडं वळतो. तिथं पंखा, मिक्सर, होम थिएटर आणि चार्जिंगचा पंप हे सगळं एकाच टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि मालकाला नेमका आता हवा असलेला स्क्रू सापडत नसतो.

बॅटरी उघडणं ही पहिली परीक्षा. कंपन्या साधा पेच बसवत नाहीत. चांदणीच्या आकाराचा बसवतात, वर त्याच्या मधोमध एक टोक ठेवतात, म्हणजे बाजारातला चांदणी पानाही आत जाऊ नये. दुकानदार ते टोक बारीक छिन्नीनं उडवतो आणि मग त्याच पान्यानं पेच फिरवतो. एक स्क्रू बऱ्याचदा काळ्या प्लॅस्टिकच्या बुचाखाली लपलेला असतो. तो दिसला नाही की कव्हर पकडीनं ओढलं जातं आणि कान तुटतो. जालन्यात तुटलेले कान एम-सीलनं जोडतात.

आत निघतात ते गोल सेल. नाव १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य तो गोल आहे एवढंच सांगण्यापुरतं. एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच सेल, किंवा सेलांच्या पाच जोड्या, एकामागून एक जोडल्या की १८ व्होल्ट होतात, काठोकाठ भरल्या की २१. हिशेब तिसरीतल्या पोराला यावा इतका सोपा आहे, आणि नेमका म्हणूनच बाजाराला तो सोसत नाही. तीच पाच सेलांची बॅटरी आपल्याकडं १८ व्होल्टची असते, अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ असते, आणि बिननावाच्या मशीनवर २१ असते. त्यापुढं तर लाजच सोडलेली. ऑनलाइन मागवलेल्या डब्यांवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असे आकडे छापलेले असतात. उघडून पाहावं तर आत तेच पाच सेल. ८८ व्होल्ट खरेच हवे असतील तर पूर्ण भरलेले एकवीस सेल एका ओळीत लावावे लागतील, आणि मग ती ड्रिल कमरेला लटकवण्याऐवजी मोटारसायकलला मागं बांधून न्यावी लागेल. व्हीनंतरचा एफ कशासाठी, हे डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं. ‘फसवणूक’ असा एक तर्क दुकानात प्रचलित आहे.

या बिनवायरीच्या प्रकरणाला तसा बराच इतिहास आहे. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीनं १९६१ साली पहिली बिनवायरीची ड्रिल बाजारात आणली, निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारी. ही ड्रिल नासानं शोधली असं जे सांगितलं जातं ते उलटं आहे. नासाच या कंपनीकडं गेली. चंद्रावर भोक पाडायला ड्रिल हवी होती. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं ती तिथं चालवली, नळी जमिनीत रुतून बसली आणि शेवटी दोन अंतराळवीरांनी मिळून ती ओढून काढली. बोअरची गाडी अडकल्यावर काय होतं हे ज्यांनी अंबड-घनसावंगीत पाहिलंय त्यांना त्या दोघांची कणव येईल. पुढं १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, २००५ च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत शिरली, आणि २०१९ मध्ये तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल घेणारा दुसरा कुणी नाही. बॅटरीवर काम करणाऱ्या माणसाला टिकाऊपणा जमला होता, एवढं तरी यातून सिद्ध होतं.

आता मुख्य वाद. दुकानदार मीटर लावून एकेक जोडी मोजतो. चार जोड्या ३.८ दाखवतात, एक जोडी १.१. आणि मग काउंटरवर रोज घडणारा संवाद घडतो.

‘मामा, सगळेच सेल बदलावे लागतील.’

‘कामून? खराब तर एकच जोडी हाये.’

‘बाकीचे जुने झालेत.’

‘जुने म्हंजे काय खराब झाले का? मी काय नवा हाये का?’

यावर शास्त्र सांगून उपयोग नसतो. ओळीतल्या सगळ्या सेलांतून प्रवाह सारखाच वाहतो, सगळ्यात कमी ताकदीचा सेल आधी रिकामा होतो आणि तो रिकामा झाला की बीएमएस अख्खा पॅक बंद करते. चार्जिंगला लावलं तर तोच आधी भरतो आणि बाकीच्यांची वाटचाल अर्ध्यावर थांबते, हे सगळं खरं आहे आणि कुणाच्या डोक्यात शिरत नाही. चतुर दुकानदार एवढंच विचारतो, ‘तुमच्या औताला एक बैल तरणा अन् दुसरा म्हातारा जुंपता का?’ मामा गप्प होतात. तरणा ओढत राहतो, म्हातारा फेसाटतो, तास वाकडा जातो आणि दिवसभरात रान होतं ते म्हाताऱ्याच्या चालीनं. इथं तर एका जुवाला पाच जण. पोळ्याच्या बाजारात दात मोजून, खांदा बघून, जोडी जुळवून घेणारा माणूस सेलांची जोडी जुळवायला का हवी हे एका क्षणात समजतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांना त्यासाठी चार पानं लागतात. ‘टाक मग सगळे,’ मामा म्हणतात, ‘पर जुने मला वापस दे.’

पुढचा प्रश्न नवे सेल आणायचे कुठून. एक रस्ता लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीचा. तिच्यात सहसा सहा सेल असतात, त्यातले एक-दोन गेलेले, बाकी चालू. स्वस्तात मिळतात आणि मीटरवर आकडाही छान दाखवतात. मात्र लॅपटॉपच्या सेलला हळूहळू वीज द्यायची सवय. चार-पाच अँपिअरच्या वर त्याच्याकडून अपेक्षा धरू नये. ड्रिल लाकडात अडली की तिला क्षणात वीस-तीस अँपिअर लागतात. त्यामुळं असा पॅक काउंटरवर हवेत फिरवून दाखवला की गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं, घरी जाऊन सागवानाला टोक लावतं आणि ड्रिल तिथंच थांबते. हत्यारासाठी वेगळे, जास्त प्रवाह सोसणारे सेल येतात. क्षमता थोडी कमी, पण दम जास्त. फवारणीच्या पंपाची मोटार मात्र फार भुकेली नसते, तिला लॅपटॉपचे सेल चालून जातात. म्हणजे कारकुनी केलेले सेल निवृत्तीनंतर शेतीला लावायचे, बांधकामावर पाठवायचे नाहीत.

दुसरा रस्ता ऑनलाइन खरेदीचा, आणि तिथं आकड्यांचा पूर आलेला. चांगल्यात चांगल्या १८६५० सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास संपते. बाजारात ‘९९००’ छापलेले सेल सर्रास मिळतात, तेही नामवंत सेलाच्या अर्ध्या किमतीत. हे ओळखायला मीटर लागत नाही, तराजू पुरतो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. त्याहून बराच हलका लागला की आत काय आहे याची शंका घ्यावी. असे सेल फोडल्यावर आत छोटासा सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी पूड निघाल्याचे प्रकार जगभर दाखवले गेलेत. किराणा दुकानातला काटा इतक्या बारीक मापाला कामाचा नाही. त्यासाठी सराफाकडं जावं लागतं, आणि सेल मोजून द्या म्हटल्यावर सराफ ज्या नजरेनं बघतो ती सोसण्याची तयारी ठेवावी लागते.

फसवणुकीचं तिसरं ठाणं म्हणजे पट्टी. सेलांना एकमेकांशी जोडायला निकेलची पातळ पट्टी लागते, साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीची. बाजारात निकेलच्या नावाखाली निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी विकतात. ती वीज अडवते, तापते आणि दमट हवेत गंजते. आता पोलाद ओळखायचं म्हटल्यावर जालन्याच्या माणसाचा हात आपोआप लोहचुंबकाकडं जातो. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात, शहराची निम्मी उठाठेव लोखंडाची आहे. चिकटलं ते लोखंड, नाही चिकटलं ते महाग, हा इथला पिढीजात कायदा. पण निकेललाही चुंबक चिकटतो! पोलाद चिकटतं, निकेल चिकटतं, मुलामा चिकटतो. सगळ्या जिल्ह्याला पुरलेली कसोटी एवढ्याशा पट्टीपुढं नापास होते. खरी परीक्षा म्हणजे पट्टी कानसेनं खरवडायची आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. सकाळी तांबूस डाग दिसला तर पोलाद. दुकानदाराच्या टेबलावर चहाच्या ग्लासात काही बुडवून ठेवलेलं दिसलं तर ते पिऊ नये, इतकंच.

पट्टी सेलवर कथलानं डागायची नसते. सोल्डरिंगच्या टोकाची उष्णता सेलच्या पोटात शिरते आणि आतला पातळ पडदा बिघडतो. पट्टीला ‘स्पॉट’ मारावा लागतो, म्हणजे दोन तांब्याची टोकं टेकवून डोळ्याचं पातं लवेपर्यंत शेकडो अँपिअरचा झटका. त्याचं मशीन विकत मिळतं, पण विकत घेतलं तर जालन्यात राहून काय उपयोग? जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढायचा, त्याची बारीक तारेची गुंडाळी कापून टाकायची आणि तिच्या जागी बोटाएवढ्या जाड केबलचे दोन वेढे घालायचे. व्होल्ट खाली, अँपिअर वर. हे काम मोटार रिवाइंडिंगवाल्याला सांगावं लागत नाही. विहिरीची मोटार जळणं हा या जिल्ह्यातला चौथा ऋतू आहे, आणि त्या ऋतूवर पोसलेल्या दुकानांत तांब्याच्या तारेची जाण अनेक शहरी इंजिनिअरांपेक्षा जास्त असते. ‘टक्’ असा आवाज, एक ठिणगी, दोन बारीक टिंबं. चांगला स्पॉट ओढल्यावर पट्टी फाटते, टिंब सुटत नाही. कमी वेळ दिला तर पट्टी नुसती पापुद्र्यागत निघते, जास्त दिला तर सेललाच भोक पडतं आणि दुकानात नेलपॉलिशच्या रिमूव्हरची आठवण देणारा गोडसर वास पसरतो. तो वास आला की मिस्त्री काही न बोलता सेल उचलतो आणि दुकानाबाहेरच्या वाळूत नेऊन ठेवतो.

एवढं सगळं नीट होऊनही बॅटरी चालेलच असं नाही. काही कंपन्यांच्या हिरव्या पट्टीला, म्हणजे बीएमएसला, स्मरणशक्ती असते. सेल खराब असताना तुम्ही ती तीन-चारदा चार्जरवर लावून पाहिली, प्रत्येक वेळी चार्जिंग फसलं, तर पट्टी स्वतःला कायमचं कुलूप लावते. मग आत दहा कोरे, जुळवलेले, सराफाकडं तोललेले सेल बसवा. चार्जर लाल-हिरवा, लाल-हिरवा मिचकावत राहतो. मालकानं नाद न सोडता पुन्हा पुन्हा लावून पाहणं हाच इथं गुन्हा ठरतो. अख्ख्या मराठवाड्यात ‘पुन्हा एकदा लावून बघ’ हा दुरुस्तीचा पहिला उपाय आहे, आणि नेमका त्याच उपायाला शिक्षा.

पूर्वीचे उपाय तसे प्रेमळ होते. टॉर्चचे लाल सेल उतरले की पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, फारच उतरले तर दातानं दाबायचे. दोन-तीन रात्री उजेड मिळायचा. लिथियमला ऊनही चालत नाही आणि दातही चालत नाहीत. तरी ‘धक्का’ देण्याची पद्धत जिवंत आहे: १ व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलला चार्जर ओळखत नाही, म्हणून दुसऱ्या भरलेल्या बॅटरीच्या वायरी क्षणभर टेकवून त्याला शुद्धीवर आणायचं. शुद्धीवर येतोही. पण इतका रिकामा राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळून भलत्याच जागी बसलेलं असू शकतं, आणि पुन्हा भरताना तेच आतल्या आत शॉर्ट करतं. दुकानात जागा झालेला सेल घरी, रात्री, चार्जिंगला असताना पेटला तर त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

आणि घरी काय असतं? कापूस. वेचणी झाली की भाव येईपर्यंत तो घरातच राहतो. पुढच्या खोलीत, माजघरात, कधीकधी थेट आढ्यापर्यंत. माणसं त्यातून वाट काढून झोपतात. त्याच खोलीत, कारण चालू सॉकेट तेवढंच, पंप चार्जिंगला असतो. त्यातून पंपाची शिशाची बॅटरी काढून कुणी तीन ओळींचा लिथियमचा पॅक बसवलेला असेल तर तो १२.६ व्होल्टला भरतो, आणि जुना चार्जर मात्र शिशाच्या हिशेबानं १४ व्होल्टच्या पुढं ढकलत राहतो. मधे उभी असते ती एकटी बीएमएस. नवा पॅक तर नवा चार्जर, हा खर्च गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत पटत नाही. पिन बसते ना, मग झालं. पिन बसते हेच तर दुखणं आहे. निदान चार्जिंग ओसरीतल्या फरशीवर, उघड्यावर आणि जागेपणी करावं एवढं तरी दुकानदारानं पैसे घेताना बजावायला हवं, आणि काही जण बजावतातही. पावतीवर मात्र एवढंच लिहिलेलं असतं: ‘स्पॉटची गॅरंटी, सेलची नाही.’

मामांनी परत मागितलेल्या जुन्या सेलांचं पुढं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. त्यातले दोन टॉर्चमध्ये जातात, कारण शेताची थ्री-फेज लाईट रात्रपाळीला आली की पाणी द्यायला उजेड लागतो. तीन रानडुकरांच्या झटका मशीनमध्ये जातात. एक पोरगं खेळण्याच्या मोटारीसाठी पळवतं. उरलेले चार कॅरीबॅगेत बांधून भंगारवाल्यासमोर येतात. तो आधी पिशवी उचलून वजनाचा अंदाज घेतो, मग ‘शिशाची हाये का?’ असं विचारतो. नाही म्हटल्यावर पिशवी खाली ठेवतो. पंपाच्या जुन्या बॅटरीला किलोवर भाव आहे, या सेलांना नाही, आणि चुकून बंद सेल भट्टीच्या मालात गेला तर काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेऊन तिची सोय लावणं हे उत्पादकाचं काम आहे. हे कळल्यावर मामा डबा उलटासुलटा करून उत्पादकाचा पत्ता शोधतात. ‘८८ व्हीएफ’ ठळक छापलेलं असतं, पत्ता नसतो.